आजी, गॉगल आणि एकवीरा

पाच मिनिटांत कार्ल्याचं दर्शन, तेही एकही पायरी न चढता! लोणावळ्यातल्या एका संध्याकाळी मी माझ्या आजीच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअॅलिटीचा गॉगल चढवला. पुढे जे झालं ते मी ठरवलेल्या स्टोरीत कुठेच बसत नव्हतं...

‘शनिवारी येतेयस ना? लोणावळ्याला एका बंगल्यात सॉलिड कार्यक्रम आहे. व्हीआर आहे, लाइट इन्स्टॉलेशन आहे, सतार आणि लॅपटॉपची जुगलबंदी आहे. शिवाय चिक्की फुकट!’

मैत्रिणीचा मेसेज आला आणि मी ताबडतोब ‘हो’ टाइप केलं. चिक्कीसाठी नाही हो! फ्रीलान्स पत्रकाराला शनिवार-रविवार नसतात, असतात त्या फक्त संभाव्य स्टोऱ्या. ‘डोंगरातलं डिजिटल आर्ट’ असं शीर्षकसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी रात्री कामशेतहून काकाचा फोन. ‘अगं, आम्ही दोघं उद्या बारशाला नाशिकला चाललोय. आजीला एकटीला ठेवायचं नाहीये. येशील ना तू?’

काकाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आणि कार्यक्रम सोडायची माझी तयारी नव्हती. मग उरला एकच मार्ग. आजीलाच घेऊन जायचं!

‘कुठं नेतीयास मला?’ शनिवारी दुपारी आजीनं विचारलं.

‘लोणावळ्याला. कार्यक्रम आहे.’

‘भजनाचा?’

‘साधारण तसाच,’ मी म्हटलं.

आजीनं ठेवणीतलं हिरवं नऊवारी काढलं. कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी, कमरेला बटवा. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. वय वर्षं ब्याऐंशी, मोतीबिंदूची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आणि गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. पण उत्साह म्हणाल तर माझ्यापेक्षा जास्त.

यंदा नक्की नेते

कामशेत ते लोणावळा म्हणजे जुन्या हायवेनं जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. पण पावसाळ्यातल्या शनिवारी हा रस्ता अर्ध्या मुंबईचा आणि अख्ख्या पुण्याचा असतो. कणसाच्या गाड्या, भिजलेली पब्लिक, गाडीच्या टपावर चढून नाचणारे वीर. आम्हाला दीड तास लागला.

कार्ला फाट्यापाशी ट्रॅफिक पूर्ण थांबलं. आजीनं उजवीकडच्या काचेवरची वाफ पदरानं पुसली. डोंगर ढगात गेला होता. दिसत काहीच नव्हतं. तरी तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली.

एकवीरा आमची कुलदेवता. कोळी, आगरी, सीकेपी आणि आणखी किती तरी घरांची ही आई. चैत्रातल्या सप्तमीला पालखी निघते तेव्हा कोकणातून, मुंबईतून माणसांचा पूर येतो. आजी लग्न होऊन मळवलीला आली तेव्हापासून दरवर्षी तो डोंगर चढायची. पुढे काकानं कामशेतला घर बांधलं तरी तिचा नेम मोडला नाही. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी तो मोडला.

त्यानंतर दर दिवाळीला मी तिला सांगते, ‘आजी, यंदा नक्की नेते गं तुला वर.’ आणि दरवर्षी काहीतरी होतं. डेडलाइन येते, पाऊस येतो, नाहीतर सरळ कंटाळा येतो. तुमच्याही घरात असं एखादं ‘यंदा नक्की’ असेलच की!

‘दिसली का?’ मी विचारलं.

‘ढगात हाय. पर हाय,’ आजी म्हणाली.

तेवढ्यात मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

दिव्यात धडधडणारी आजी

बंगला मस्त होता. जुना, उतरत्या कौलांचा, मोठ्या व्हरांड्याचा. बाहेर कुंद अंधार आणि आत निळ्या-जांभळ्या उजेडात काळे टी-शर्ट घातलेली पन्नास-साठ माणसं. आजी आत शिरली आणि सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. संध्याकाळची सगळ्यात वेगळी कलाकृती आपणच घेऊन आलोय असं मला उगाच वाटून गेलं आणि लगेच थोडी लाजही वाटली.

हॉलमध्ये सतार आणि लॅपटॉपची जुगलबंदी सुरू होती. सतारीचा एक सूर लॅपटॉप पकडायचा, ताणायचा, उलटा करायचा आणि परत हवेत सोडायचा. आजीनं दहा मिनिटं शांतपणे ऐकलं आणि मग मला विचारलं, ‘सूर अजून जुळवत्यातच व्हय?’

खरी मजा पुढच्या खोलीत होती. छताला ओळीनं चाळीसेक बल्ब लटकवलेले. पहिल्या बल्बखाली दोन धातूच्या मुठी. त्या धरल्या की सेन्सर तुमच्या हृदयाचे ठोके पकडतो आणि समोरचा बल्ब त्याच ठेक्यात लुकलुकायला लागतो. मूळ कल्पना रफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकोत जन्मलेल्या कलाकाराची. ‘पल्स रूम’ नावाची त्याची ही कलाकृती 2006 साली पहिल्यांदा मांडली गेली आणि नंतर जगभर फिरली. लोणावळ्यातली ही तिची लहान, घरगुती भाचीच म्हणायची.

फंडा सोपा आहे. तुम्ही मुठी सोडल्या की तुमचा ठोका पुढच्या बल्बवर सरकतो आणि पहिला बल्ब नव्या माणसासाठी मोकळा होतो. असं करत करत तुम्ही ओळीनं पुढे जाता. शेवटच्या बल्बनंतर तुमची जागा संपते.

आजीनं मुठी धरल्या. बल्ब दोन क्षण विचारात पडला आणि मग लुकलुकायला लागला. संथ, मधेच एक ठोका गाळणारा. आजूबाजूच्या काळ्या टी-शर्टांचे दिवे शंभरच्या स्पीडनं धडधडत होते. त्यात आजीचा हा निवांत दिवा लगेच ओळखू येत होता.

तिनं मुठी सोडल्या. मागच्या मुलीनं धरल्या. आजीचा ठोका एक घर पुढे गेला. आजी काठी टेकत त्याच्याबरोबर चालायला लागली. पुढचा माणूस आला, ती पुढे सरकली. आणखी एक आला, आणखी एक घर. सहाव्या-सातव्या बल्बपाशी ती थांबली.

‘ही वळ तिथं संपती व्हय?’ तिनं काठीनं खोलीच्या टोकाकडं दाखवलं.

‘हो.’

‘मग बरं हाय. मागं माणसं आली की पुढच्यानं सरकाया पायजे.’

मी काहीच बोलले नाही. मोबाइल काढून फोटो घेतला. आपली पिढी अशा वेळी दुसरं काय करते?

गॉगलच्या आत कार्ला

व्हीआरचा कोपरा व्हरांड्यात होता. एक फिरती खुर्ची, एक गॉगल आणि तो सांभाळणारा पंचविशीतला मुलगा. पुण्यात आयटीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मावळातली लेणी 360 अंशांच्या कॅमेऱ्यानं टिपायची, असा त्याचा दुहेरी संसार. रीतसर परवानगी काढून त्यानं कार्ल्याचं चित्रीकरण केलं होतं.

आधी मी गॉगल चढवला आणि... आईशप्पथ!

मी चैत्यगृहाच्या मधोमध उभी होते. जवळजवळ 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच असा तो दगडात कोरलेला हॉल. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर हत्तींवर बसलेली जोडपी, समोर स्तूप, मागे पिंपळपानासारखी भली मोठी खिडकी. मान वर केली तर छताला लाकडी कमानी. मान वळवली तर दृश्य वळत होतं. मी चक्क ‘हॅलो’ म्हणून आवाज घुमतो का ते बघितलं. बाहेरचे हसले असणार.

तो मुलगा एकीकडे समजावून सांगत होता. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, ही युक्ती जुनीच. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टोननं 1838 साली ती दाखवून दिली होती. मॉर्टन हायलिग या अमेरिकन माणसानं 1962 साली ‘सेन्सोरामा’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात डोकं घालून बसायचं आणि मोटरसायकलवरून फिरल्याचा अनुभव घ्यायचा. त्यात वारा यायचा, सीट थरथरायची आणि वाससुद्धा यायचे! 1968 साली आयव्हन सदरलंडनं डोक्यावर चढवायचा कॉम्प्युटर-डिस्प्ले बनवला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागायचा. आज तोच प्रकार आपण नाकावर चष्म्यासारखा घेतो. मान हलली की आतले सेन्सर ती नोंदवतात आणि चित्र सेकंदाला 72, 90 किंवा त्याहून जास्त वेळा नव्यानं आखलं जातं. त्यात किंचित जरी उशीर झाला तरी पोटात ढवळायला लागतं.

का ते खंडाळ्याच्या घाटात एसटीत पुस्तक वाचून उलटी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाटात शरीर वळतं आणि पुस्तकावरची नजर स्थिर असते. गॉगलमध्ये नेमकं उलट. डोळे सांगतात आपण हललो, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण खुर्चीतच आहोत. भांडण दोघांचं आणि शिक्षा पोटाला!

पण मला सगळ्यात आवडलं ते त्यानं छताकडे बघायला लावून सांगितलेलं. ‘त्या लाकडी कमानी बघा. सागाच्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या काय पेलतायत?’

‘छत.’

‘छत दगडाचं आहे. डोंगराचंच. त्याला आधार लागतच नाही.’

मी परत वर बघितलं. खरंच की! त्या कमानी काहीच पेलत नव्हत्या. त्या आधीच्या काळी चैत्यगृहं लाकडाची बांधत. डोंगरात कोरायची वेळ आली तेव्हा कारागिरांनी दगडातही तीच लाकडी इमारत उभी केली. लोकांना ओळखीची वाटावी म्हणून. पलीकडच्या भाज्याच्या चैत्यगृहात तर खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा दाब पेलायला ते तसे लागतात. दगडात त्याची काडीचीही गरज नव्हती.

म्हणजे बघा, इसवी सनाच्या आगेमागे मावळात कुणीतरी डोंगराच्या पोटात लाकडी घराचा भास कोरत होतं. आणि त्याला पैसे कुणी दिले? कर्नाटकातल्या वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठनं आणि धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवन दात्यांनी. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत ही नावं आहेत. जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं, असं भूतपाल शेठनं तिथे कोरून ठेवलंय. आपण रील टाकून जे मिरवतो ते त्यानं दगडात मिरवलं. आणि त्याचं टिकलं!

जवळ येईना

मग आजीची पाळी आली. खरं सांगू? तोपर्यंत माझ्या डोक्यात एक नवीच आयडिया घर करून बसली होती. ‘यंदा नक्की नेते’चा प्रश्न इथेच सुटतोय की! ना पायऱ्या, ना पार्किंग, ना गर्दी. पुढच्या महिन्यात स्वस्तातला एखादा गॉगल घेऊन कामशेतला ठेवून द्यायचा. वाटेल तेव्हा देवी!

‘आजी, तुम्हाला अंगणातला सीन लावतो,’ तो मुलगा म्हणाला. ‘लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे ना, ते समोर दिसेल. घाबरू नका हं, काही वाटलं तर लगेच सांगा.’

‘मी कशाला घाबरू? माझंच देऊळ हाय,’ आजी म्हणाली. अंबाड्यावरून पट्टा बसवायला जरा वेळ लागला.

गॉगल लागला आणि आजी गप्प झाली. तिची मान हळूहळू वर गेली. मग उजवीकडे, मग डावीकडे. ओठ उघडे राहिले. ‘अगं बया,’ ती पुटपुटली. ‘ह्यो सिंहाचा खांब. ही दीपमाळ. ही...’ आणि हात आपोआप जोडले गेले.

मी खूश! मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. स्टोरीचा शेवट मिळाला होता.

आजी खुर्चीतून उठली. ‘बसून राहा आजी,’ मुलगा म्हणाला. तिचं लक्ष नव्हतं. तिनं काठी टेकवली आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. मग थांबली.

‘अगं, जवळ येईना,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘देऊळ. मी चालतीय, पर देऊळ तिथंच.’

मुलगा घाईनं पुढे झाला. ‘आजी, यात चालता नाही येत. फक्त मान फिरवून बघायचं.’ मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, ‘हा व्हिडिओ आहे ना. कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच आपण असतो. चालता येतील असेही असतात, पण त्यासाठी सगळी जागा मोजून तिचं थ्रीडी मॉडेल करावं लागतं.’

‘आणि गाभारा?’ मी विचारलं.

‘गाभाऱ्यात कॅमेरा नेला नाही. बरोबर वाटलं नाही ते.’

आजी अजून तशीच उभी होती. देवळाच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे खरं तर व्हरांड्यातल्या कोट अडकवायच्या स्टँडकडे तोंड करून. तिनं पुन्हा एक पाऊल टाकलं. मग म्हणाली, ‘काढ गं हे.’

मी गॉगल काढला. डोळे ओले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे असेल असं मला वाटलं, म्हणजे मी तसं वाटून घेतलं.

‘काय झालं? बरं वाटत नाहीये का? चक्कर?’

‘न्हाई. झ्याक हाय. पोरानं चांगलं केलंय.’ तिनं त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बटव्यातून खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पर तिनं मला बघितलं न्हाई.’

मला पटकन कळलं नाही.

‘अगं, मी तिला बघून काय उपेग? तिनं मला बघाया पायजे का नको? सहा वरसं झाली. मी जिती हाय का न्हाई, तिला कसं कळावं?’

मी व्हिडिओ बंद केला.

दगड घासणारे आजोबा

आणि तेवढ्यात लाइट गेली. लोणावळ्याचा पाऊस म्हटला की हे ठरलेलंच. लॅपटॉपची सतार बंद, जांभळा उजेड बंद, आणि आतल्या खोलीत चाळीस जणांची हृदयं एकाच क्षणी बंद! कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. जनरेटर सुरू व्हायला पंचवीस मिनिटं लागली. मेणबत्त्या आल्या. माणसं व्हरांड्यात येऊन बसली. बाहेर नुसता पावसाचा आवाज.

त्या अंधारात आजीनं बोलायला सुरुवात केली. आधी एकट्या माझ्याशी, मग आजूबाजूला गोळा झालेल्या सगळ्यांशीच.

‘आमचे मामंजी मळवलीच्या छापखान्यात व्हते,’ ती म्हणाली. ‘देवांच्या छापखान्यात. दगड घासायला.’

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आपण खऱ्या मानत नाही, हा आपला दोष. हा छापखाना म्हणजे राजा रविवर्म्याचा! 1894 साली मुंबईत सुरू झालेला आणि 1899 साली कार्ल्याजवळ मळवलीला आलेला. लक्ष्मी, सरस्वती, राम, दत्त यांची रंगीत चित्रं इथून देशभर गेली. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला आणि चालवला. दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या छापखान्याचं काम केलं. नंतर लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. सिनेमाच्या वेडापायी, सतत चित्रपट बघून आणि झोपा मोडून त्यांची दृष्टीच काही काळ गेली होती. औषधोपचारानंतर ती परत आली. स्क्रीनपायी डोळे घालवणारे आपण पहिले नाही, एवढंच!

छपाई शिळाछाप पद्धतीची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका चित्राला असे कितीतरी दगड. काम संपलं की वाळू आणि पाणी घेऊन दगडावरचं चित्र घासून काढायचं आणि तोच दगड पुढच्या चित्राला वापरायचा. आजीच्या सासऱ्यांचं काम हेच.

‘मामंजी म्हणायचे, मी दिसभर देव पुसतो,’ आजी सांगत होती. ‘सकाळी लक्ष्मी पुसायची, दुपारी मारुती. मी इचारलं, पाप न्हाई का लागत? तर म्हणाले, अगं, पुसल्याबिगर दुसरा देव यायचा कुठं?’

कुणीतरी विचारलं, ‘मग त्या छापखान्याचं पुढे काय झालं?’

‘जळाला. बहात्तर साली. आगीचं कळलं तशी मामंजी बघायला गेले. म्हातारे झाले व्हते. आले ते गपच बसले. जेवले न्हाईत दोन दिस.’

मेणबत्तीच्या उजेडात पन्नास-साठ माणसं चिडीचूप बसली होती. मगाशी लॅपटॉप उलटा-सुलटा वाजवणारा मुलगा तर अगदी आजीच्या पायाशी येऊन बसला होता.

‘आजी, ती चित्रं लोकांना देवासारखी वाटायची का हो?’ व्हीआरवाल्या मुलानं विचारलं.

‘वाटायची म्हंजे? ज्यास्नी देवळात घेत नव्हते त्यांच्या घरी गेली की ती. माझ्या माहेरात लक्ष्मी व्हती, मळवलीचीच. आमच्या आयेनं रोज हळदकुंकू वाहून वाहून तिचे पाय दिसंनात.’

घरी आल्यावर मी याच्यावर बराच विचार केला. रविवर्म्याच्या चित्रांनी देवळाचं दार ज्यांना बंद होतं त्यांच्या भिंतीवर देव आणून बसवला. त्याच सुमाराला, 1892 साली, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावानं काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. अंधारात, दिव्याच्या झोतात, हलणारी पौराणिक पात्रं! फाळक्यांच्या ‘लंकादहन’ला राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून हात जोडायचे असं सांगतात. 1987 मध्ये टीव्हीवर ‘रामायण’ लागलं तेव्हा घरोघरी टीव्हीला हार घातले जायचे. दर वेळी यंत्र नवं असायचं आणि दर वेळी माणसं त्यात देव शोधायची. मग आजीला गॉगलमध्ये तो का सापडला नाही?

मला वाटतं, भिंतीवरच्या लक्ष्मीला पणजी रोज हळदकुंकू वाहत होती. चित्राचे पाय पुसट होईपर्यंत. ती लक्ष्मी तिच्या घरात राहत होती, तिची भांडणं ऐकत होती, तिची बाळंतपणं बघत होती. गॉगलमधलं देऊळ कितीही सुंदर असलं तरी एका कोरड्या दिवशी कुणीतरी टिपलेलं होतं. त्या दिवशी आजी तिथे नव्हती. त्या मुलाची काहीच चूक नाही. त्याचं काम झक्कासच होतं. चूक असेल तर माझी. मला दर्शन नको होतं, मला सुटका हवी होती.

मंगळवार

लाइट आली. सतार परत सुरू झाली. आतले बल्ब मात्र सगळे कोरे झाले होते. ठोके पुन्हा पहिल्यापासून. आम्ही निघालो. निघताना व्हीआरवाला मुलगा गाडीपर्यंत छत्री धरून आला. आता लोहगडाचं काम हाती घेतोय म्हणाला. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून त्याच्या मनात आहे. ‘या वेळी चालता येईल असं करणार,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘आजींना सांगा.’

त्यानंतरच्या मंगळवारी मी सकाळी सहाला कामशेतला पोचले. एक डेडलाइन होती, ती सरळ बुडवली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पायऱ्या चढायच्या नाहीत. पण गाडी डोंगरावर अर्ध्यापर्यंत जाते. तिथपर्यंत तर नेऊ!

पाऊस थांबला होता. आजी गाडीतून उतरली आणि काठी टेकत पायऱ्यांपाशी गेली. आम्ही तिला धरलं. एक, दोन, तीन, चार... अकरा पायऱ्या झाल्या आणि ती बसली. फुलंवाल्या बाईनं पाणी दिलं. बराच वेळ ती वर बघत राहिली.

‘तू जा,’ ती म्हणाली. खण, नारळ, हळदकुंकू माझ्या ओंजळीत ठेवलं. ‘माझं नाव घे. म्हणावं, खाली पायरीवर बसलीय. यायचं व्हतं, गुडघं येऊ देत न्हाईत. समदं नीट सांग. घाई करू नको.’

मी चढले. दम लागला, लाज वाटली, मधे दोनदा थांबले. गर्दी फारशी नव्हती. देवीसमोर उभी राहिले आणि क्षणभर काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी आजीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं. मळवलीची, छापखान्यातल्या म्हाताऱ्याची सून, असंही सांगितलं. सहा वर्षांचं राहिलेलं सगळं सांगून टाकलं. मागच्या माणसानं ‘चला ताई’ म्हटल्यावर बाजूला झाले.

उतरायच्या आधी शेजारच्या चैत्यगृहात डोकावले. गॉगलमध्ये होतं तसंच होतं सगळं. खांब, स्तूप, काहीच न पेलणाऱ्या त्या लाकडी कमानी. फक्त वास जास्तीचा होता. ओल्या दगडाचा, वटवाघळांचा आणि देवळाकडून येणाऱ्या उदबत्तीचा. मोबाइल खिशातच राहिला.

खाली आले तेव्हा आजी फुलंवाल्या बाईशी गप्पा मारत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

‘भेटली?’

‘भेटली.’

‘काय म्हणाली?’

मी तिच्या कपाळाला अंगारा लावला. ‘तुझीच चौकशी करत होती.’

‘व्हय,’ आजी म्हणाली. अगदी ठाऊक असल्यासारखी. आणि हात पुढे केला, उठवायला.